खाली ठेवलेला चाकू

त्यांच्या डाव्या हातावर केस नव्हते. उजव्या हातावर अस्वलासारखे दाट, आणि डावा मात्र मनगटापासून कोपरापर्यंत साफ. सांगलीत आम्ही त्यांच्याकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या तेव्हा पहिल्याच दिवशी माझं लक्ष तिकडे गेलं. मला वाटलं, माणूस कधीतरी भाजला असेल. विचारायचं कसं, म्हणून गप्प बसले. रविवारी उलगडा झाला. मागच्या अंगणात पोतं अंथरून ते बसले होते. पोत्यावर चाकूच चाकू उघडून मांडलेले, आणि धार लागली की नाही हे पाहायला ते एकेक पातं स्वतःच्या डाव्या हातावरून फिरवत होते.

मी तेव्हा शाळेत शिकवायला नुकतीच लागले होते. आमचे हे नोकरीमुळे महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर. त्यामुळे घरमालकांचं जे काही सोसायचं ते माझ्याच वाट्याला आलं. मी त्यांना काका म्हणायची, ते मला मास्तरीनबाई म्हणायचे. वय साठीच्या पुढे, धोतर, गळाबंद कोट, डोक्यावर कधीतरी पांढरी असलेली टोपी. कोटाचे दोन्ही खिसे इतके फुगलेले असत, की दुरून कुणाला वाटावं, म्हातारा पेरू चोरून चाललाय.

उभी हयात त्यांनी सांगलीत गुळाच्या अडतीवर काढली होती. सौद्याच्या वेळी ढेपेच्या पोटात चाकू घालून नमुना काढायचा, हे त्यांचं काम. वरून सोन्यासारखी दिसणारी ढेप आत काळी निघाली, की ते काही बोलत नसत. तुकडा नुसता कापडावर ठेवत आणि दुसरीकडे बघत. काम सुटलं, चाकू काही सुटले नाहीत. उलट वाढत गेले. खिशात कायम तीन. एक फळाला, एक दोरीला आणि एक कशालाच नाही. बाकीचे घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, प्रत्येकाला जुन्या धोतराची वेगळी पिशवी. पिशव्या काकी शिवत.

"माझ्या आईनं मला शिवण शिकवलं ते पोरांची अंगडी शिवाय," काकी म्हणायच्या. "पोरं झाली न्हाईत. ह्या मेल्यांचीच अंगडी शिवत बसलीया."

हे त्या रागाने म्हणत नसत. राग येऊन येऊन दमलेलं माणूस ज्या आवाजात बोलतं, त्या आवाजात म्हणत. त्या घरात सगळेच थोडे दमलेले होते. काका दमलेले, काकी दमलेल्या, आणि शाळेतली पोरं हाकून आलेली मीही दमलेली. तिघंही संध्याकाळी ओट्यावर बसायचो आणि फारसं कुणी बोलायचं नाही.

रविवारचा कार्यक्रम मात्र चुकत नसे. निसणा, म्हणजे धार लावायचा काळा दगड, पाण्यात भिजत घातलेला असायचा. पातं त्यावर घासायचं, एका बाजूने मग दुसऱ्या, घाई नाही. मग राख, मग कोरडं फडकं, मग सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. पावसाळ्यात तर रोज. हवेतल्या ओलीनेसुद्धा ते पोलाद काळवंडायचं. फळ कापून कुणी पातं तसंच मिटलं, तर त्यांच्या कपाळाची शीर उडायची.

"लोखंडाला पानी लागलं आन् माणसाला शबूद लागला, तर तवाच पुसायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "उद्या पुसू म्हटलं की गंज."

त्यांनी एकदा मला न विचारता माझी विळी नेली आणि पाजवून परत आणून ठेवली. मी नेहमीच्या सवयीने वांगं चिरायला बसले आणि अंगठा चिरला. माझी हाक ऐकून ते हळद घेऊन आले. जखम उलटसुलट करून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "धार व्हती म्हणून सरळ कापलंय. तुमच्या आदीच्या विळीनं कापलं असतं तर म्हैनाभर भरलं नसतं." म्हणजे आभार मीच मानायचे.

गावभागात एक म्हातारा शिकलगार होता, चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारा. त्याच्याकडे काका रोज चहाला जात, पण आपला एकही चाकू त्यांनी त्याच्या चाकाला लावू दिला नाही. चाकावर पोलाद तापतं आणि त्याचा जीव जातो, असं त्यांचं मत. शिकलगाराचं मत, काकांना दुसरं काम नाही म्हणून हे चाललंय. दोघांचं सूत छान होतं.

जतच्या यात्रेला ते एकदा गेले आणि मनगट मोकळं घेऊन परत आले. अडतीवरून निरोप देताना मालकाने दिलेलं घड्याळ त्यांनी एका धनगराला देऊन टाकलं होतं आणि त्याच्याकडून मेंढ्याच्या शिंगाच्या मुठीचा चाकू आणला होता. काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. काका म्हणाले, "आता मला येळ कळून काय करायचंय? सौदं माझ्यासाठी थांबल्यात व्हय?" मग जरा वेळाने मला एकटीला सांगितलं, "त्याला मराठी धड येत न्हाई, मला कानडी येत न्हाई. पर त्यानं चाकू माझ्या हातात दिला न्हाई. भुईवर ठिवला आन् मागं सरला. मानूस जानकार व्हता."

ही त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा. चाकू हातातून हातात द्यायचा नाही. दिला की भांडण होतं, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. माझी आईही म्हणायची, आणि सुरी हातात द्यायचीही. काकांनी मात्र ते अक्षरशः पाळलं. कुणी चाकू मागितला, की ते वाकून तो जमिनीवर ठेवत, एक पाऊल मागे सरत, आणि समोरच्याने उचलायचा. परत देतानाही तसंच. एकदा पलूसला जाताना एसटीत शेजारच्या बाईने संत्र्यासाठी चाकू मागितला. काकांनी तो गाडीत पायाखालच्या फळीवर ठेवला, तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक मारला. उघडा चाकू घरंगळत थेट पुढे गेला. सगळ्या गाडीने पाय वर घेतले. काका सीटखाली वाकून वाकून तो शोधत राहिले आणि बाईने संत्रं हातानेच सोललं.

आणीबाणीच्या दिवसांत स्टँडवरच्या पोलिसाला त्यांचे खिसे खटकले. चौकीवर नेलं. मी आणि काकी धावत पोचलो तेव्हा फौजदार खुर्चीत आणि काका समोर उभे. फौजदार म्हणाले, "काय आहे खिशात? द्या इकडे." काकांनी तिन्ही चाकू एकापाठोपाठ एक फरशीवर ठेवले आणि मागे सरले. फौजदारांचं पोट मोठं होतं. ते खाली बघत म्हणाले, "मला वाकायला लावता काय?"

"साहेब, हातात दिला तर तुमचंआमचं बिनसंल."

"आणि आत्ता काय जमलंय?"

अखेर हवालदाराने ते उचलले. काकींनी हात जोडून सगळं सांगितलं. फौजदारांनी हसून सोडून दिलं, पण त्याआधी काकांनी चौकीतल्या सगळ्या पेन्सिलींना टोक करून दिलं. परत येताना मला हसू आवरत नव्हतं. काकी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हसा बाई. तुमाला ठावं न्हाई म्हणून हसू येतंय."

मग ओट्यावर शेंगा फोडता फोडता त्यांनी ते सांगितलं.

काकांच्या खिशातला तिसरा चाकू, जो कशालाच नव्हता, तो त्यांच्या वडिलांचा. वडील पलटणीत होते, तिथून आणलेला. काळ्या शिंगाची मूठ, पितळेची टोकं. साताऱ्याकडे त्यांच्या गावी त्या घरातला प्रत्येक नवरदेव हळद लागल्यापासून तोच चाकू हातात धरायचा, टोकाला लिंबू टोचून. वडिलांनी धरला, थोरल्या भावाने धरला, काकांनी धरला. पात्यावर लिंबाचे काळे डाग होते. काका म्हणत, हा बाचा, हा दादाचा, हा माझा. मला तो एकच डाग दिसायचा.

वडील गेल्यावर चाकू थोरल्याकडे, दादांकडे आला. काका नोकरीसाठी सांगलीला निघाले, तेव्हा दादा त्यांना मोटारीपर्यंत सोडायला आले होते. मोटार सुटली आणि दादांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते पळत आले आणि खिडकीतून चाकू काकांच्या हातात दिला. "परगावात असू दे जवळ," म्हणाले. चालत्या मोटारीत जमिनीवर ठेवायचा कुठे?

पुढच्याच उन्हाळ्यात काका गावी गेले आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं. दादा चार माणसांदेखत म्हणाले, "गूळ चाटणाऱ्याला पानी कशाला पायजे?" काका तसेच उठले आणि सांगलीला आले. तेव्हापासून जाणं-येणं बंद. ना लग्नाला, ना मयताला.

"शबूद बोलले ते दादा," काकी म्हणाल्या. "पर ह्यांनी एक दिस दादास्नी नाव ठिवलं न्हाई. म्हंत्यात, चाकू हातात दिला म्हणून झालं. सगळा दोस लोखंडाला. भावावर काय ठपका उराय नको ना."

मी शेंगा फोडायची थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

तर एवढंच त्यांना करायचं होतं. ज्याने तो हातात दिला त्याच्यासमोर तो जमिनीवर ठेवायचा, आणि त्याने आपल्या हाताने उचलायचा. म्हणजे दिलेलं फिटलं. त्यासाठी तो चाकू ते दर रविवारी पाजवून, तेल घालून, काही न कापता तयार ठेवत होते. बाकीचे चाकू त्याच्या सोबतीला गोळा झाले असावेत, असं मला त्या दिवसापासून वाटू लागलं. दारात पाऊल टाकायला मात्र बोलावणं हवं होतं, आणि ते येत नव्हतं.

ते एका मे महिन्यात आलं. दादांचा धाकटा मुलगा, उशिरा झालेला, पलटणीत होता. लग्नासाठी सुट्टीवर आला होता आणि अक्षता घेऊन स्वतःच सांगलीला आला. काकांच्या पाया पडला. म्हणाला, "आबानी पाठवलं न्हाई, मीच आलोय. पर आबास्नी ठावं हाय. घरातला चाकू तुमच्याकडं हाय, काका. त्याच्याबिगर मी हळदीला बसनार न्हाई."

काका उठले. आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पोराला चहा काकींनीच दिला.

पुढचे सगळे दिवस निसणा पाण्यातून बाहेर निघाला नाही. काकी म्हणाल्या, "लिंबूच टोचायचाय, एवढी धार कशापायी?" काकांच्या डाव्या हातावर भादरायला काही शिल्लक नव्हतं, तरी ते पातं फिरवतच होते. शाळेला सुट्टी होती. काकींनी मला सोबत चला म्हणून गळ घातली. "तिथं काय झालं, तर ह्यांना आनायला कुनीतरी पायजे," म्हणाल्या. मी गेले.

कऱ्हाडात गाडी बदलली. काकांचा हात सबंध रस्ताभर खिशावर होता. गावात पोचलो तेव्हा मांडवात हळदीची तयारी झाली होती. नवरदेव पाटावर बसलेला, बायका वाटीत हळद कालवत होत्या. मांडवाच्या मेढीला टेकून एक उंच, ताठ म्हातारा काठी घेऊन उभा होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. काकींनी माझा हात दाबला, त्यावरून मी ओळखलं, हे दादा.

काका सरळ त्यांच्यासमोर गेले. पाया पडले. खिशातून मिटलेला चाकू काढला, दादांच्या पायांपुढे सारवलेल्या जमिनीवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरले.

"काय ठिवलंस?" दादांनी विचारलं.

"चाकू, दादा. बाचा."

"मग दे की." दादांनी हात पुढे केला.

"खाली ठिवलाय. तुमीच उचला."

दादांचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. चेहरा बदलला. म्हणाले, "इतक्या वर्सांनी आलास, ते मला वाकवाय व्हय रं?"

नवरदेव पाटावरून उठून चाकू उचलायला आला. काकांनी त्याला हातानेच थांबवलं. त्याने उचलून चालणार नव्हतं. तेव्हा तो पोरगा हळूच म्हणाला, "काका, आबास्नी वाकाय येत न्हाई. बैलगाडीवरनं पडल्यापासनं कंबर धरलीया. पायात वहाना बी दुसऱ्यानं घालाव्या लागत्यात."

काका तिथे उभे राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला तो बघवेना. इतकी वर्षं त्यांनी या एका क्षणाची सगळी तयारी केली होती. कुठे उभं राहायचं, काय बोलायचं, पातं मिटलेलं ठेवायचं की उघडं. भाऊ म्हातारा होईल, एवढं मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांच्या मनातला दादा अजून मोटारीमागे पळणाराच होता.

शेवटी ते वाकले. चाकू उचलला, धोतराला पुसला, आणि दादांचा हात स्वतःच धरून चाकू त्यांच्या तळव्यावर ठेवला. पण सोडला नाही. एक टोक दादांच्या मुठीत, एक काकांच्या.

"सोड की," दादा म्हणाले.

"सोडतो."

आणि सोडेनात. आधी मला कळेना, मग कळलं. दोघांच्या हातात आहे तोवर दिला असं होत नाही. सुटला की झालं, मग पुन्हा भांडण. मांडवातल्या सगळ्यांना हे कळत असावं, कारण कुणी घाई केली नाही. वाटीतली हळद सुकायला लागली होती. दोन म्हातारे एका चाकूला धरून उभे होते.

दादाच थकून म्हणाले, "सोड रं गड्या. आता भांडाय माझ्याच्यानं उभं बी ऱ्हावत न्हाई."

काकांनी सोडला. दादांनी आंधळ्या बोटांनी मूठ चाचपली, पितळेची टोकं चाचपली, आणि आत तोंड करून म्हणाले, "आरं, ह्याला कुनी गूळपानी दिलं का न्हाई?"

काकी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. काकांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्याभर पाणी मधे न थांबता प्यायले.

मला वाटलं होतं, आता काका मोकळे होतील. तसं झालं नाही. परतताना गाडीत त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशावर जायचा. पुढच्या रविवारी पोतं बाहेर आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. निसणा न्हाणीघरात पालथा पडून राहिला. डाव्या हातावर पांढरी लव आली. माझी विळी बोथट झाली, तरी मी त्यांना सांगितलं नाही. इतकी वर्षं जपून ठेवलेलं काम संपल्यावर माणूस एवढा दमेल, हे मला माहीत नव्हतं. आता माझंही वय झालं आहे, आता माहीत आहे.

दादा दिवाळीच्या आधी गेले. काका जाऊन मातीला उभे राहून आले. दिवस घातल्यावर पुतण्या पलटणीत परत जाण्याआधी सांगलीला आला. ओट्यावर आम्ही तिघं बसलो होतो. त्याने खिशातून तो चाकू काढला. "आबा जाताना म्हनाले व्हते, काकास्नी द्या," म्हणाला. पोरगा शहाणा होता. वाकला, चाकू काकांच्या पुढ्यात फरशीवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरला.

काका चाकूकडे बघत बसले. मग म्हणाले, "हातात दे."

"काका, तुमीच तर म्हंता..."

"दे रं. आता कुनाशी बिनसायचं ऱ्हायलंय?"

पोराने उचलून हातात दिला. काकांनी तो घेतला, अंगठ्याने पातं उघडलं. लिंबाचा नवा डाग जुन्या डागांत मिसळून गेला होता. जवळच्या सुपात काकींनी बाजारातून आणलेले पेरू होते. त्यांनी एक घेतला आणि त्या चाकूने कापला. त्या चाकूने काही कापताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. एक फोड पुतण्याला दिली, एक काकींना, एक मला. चौथी स्वतः खाल्ली. पाचवी कापली आणि ती बाजूला फरशीवर ठेवली. तिला कुणी हात लावला नाही.

पात्यावर पेरूचं पाणी तसंच होतं. काकांनी चाकू न पुसता मांडीवर ठेवला आणि ते रस्त्याकडे बघत राहिले. आम्ही वाट पाहिली. मग काकींनी तो उचलला, आपल्या पदराने पुसला आणि मिटवून त्यांच्या खिशात घातला.